खोक्यावरचा लाल, भिंतीवरचा लाल

कोलंबियातल्या बारांकिया शहरात, टीव्हीच्या एका दुकानात नेरेइदा पैसे भरायच्या रांगेत उभी होती. ढकलगाडीवर पंचाहत्तर इंची टीव्हीचं खोकं होतं. शेजारच्या तक्रार खिडकीवर कार्निव्हलचे पोशाख शिवणाऱ्या एउदोसियाबाई मॅनेजर उबाल्दोला धारेवर धरत होत्या.

"मी शिवलेला घागरा मिरवणुकीत लालभडक होता. तुमच्या टीव्हीवर विटकरी दिसला!"

"बाई, तो वीजबचतीवर असेल. कारखान्यातून तसाच येतो."

"मग काढा ती बचत."

"काढली की रंग इथे भिंतीवर लावलेल्या टीव्हीसारखे खुलतील. फक्त वीज जरा जास्त..."

"जरा म्हणजे किती?"

"दुप्पट धरा."

"अहो, खोक्यावर तर कमी वीज खातो असं छापलंय!"

"खरंच आहे ते. बचतीवर असताना मोजलेलं."

"म्हणजे भिंतीवर दाखवता एक टीव्ही आणि खोक्यावर छापता दुसराच?"

"सगळेच असं करतात, बाई."

"सगळे करतात म्हणून माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची? तीन महिने सुई चालवलीय मी त्या लालवर! लावा, भिंतीवरचा तो टीव्हीसुद्धा बचतीवर लावा. बघू देत सगळ्यांना."

"तसं नाही करता येत."

"का? बिघडतो?"

"बिघडत नाही, पण..."

"पण काय?"

"मग घेईल कोण, बाई?"

नेरेइदाने ढकलगाडी रांगेतून बाहेर काढली आणि तक्रार खिडकीसमोर, एउदोसियाबाईंच्या शेजारी आणून उभी केली.

"दादा, लावा तो बचतीवर. मलाही बघायचाय."