तारूतची दाई

(वाळवंटातलं जानेत गाव, लग्नघराचं अंगण, टळटळीत दुपार. कोपऱ्यात एक उंच सरू. रायशाच्या मांडीवर मेंदीचं वाडगं.)

रायशा: हे बघ खैरा, मी भांडायला आले नाहीये. मी मेंदी घेऊन आलेय. भांडण तू काढतेयस.

खैरा: मी? मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

रायशा: तेच तर! तू गप्प बसलीस की ते भांडणच असतं. आज ओळखते का तुला?

खैरा: चहा घे. तिसरा पेला आहे, गोड झालाय.

रायशा: चहा पुढे करून विषय बदलू नकोस. आमच्यात नवरदेवाच्या हाताला पहिली मेंदी त्याच्या आईच्या रक्ताची बाई लावते. ताकामा माझी सख्खी बहीण. ती असती तर तिने लावली असती आणि मी शेजारी वाडगं धरून उभी राहिले असते, अगदी आनंदाने. ती नाही. त्याला जन्म दिला आणि गेली बिचारी. मग कोण लावणार? मीच ना?

खैरा: लाव की. मी कधी नाही म्हटलं?

रायशा: मग त्या कोनाड्यात फडक्याखाली काय झाकलंयस?

खैरा: मेंदी.

रायशा: बघ!

खैरा: पाहुण्या बायकांसाठी आहे ती.

रायशा: लिंबू पिळून? लवंग घालून? वास इथवर येतोय. पाहुण्या बायकांचे एवढे लाड कोण करतं गं?

खैरा: बरं बाई. त्याच्यासाठी भिजवली. तू हे ऐकायलाच बसली आहेस ना? मी दवाखान्यात सुईण होते, तो माझ्या हातावर जन्मला. ह्या बोटाने त्याला दूध चाटवलंय. त्याच्या बापाशी लग्न केलं ते त्याच्यासाठीच, सगळ्या गावाला ठाऊक आहे. वाटलं, आज त्याच्या तळहातावर माझाही एक ठिपका असावा. वाटलं आणि विसरले. तू लाव, रायशा. तुझा हक्क आहे.

रायशा: असं बोलू नकोस. अगं, हक्काचं नाही काही. संध्याकाळी मुलीकडच्या म्हाताऱ्या विचारतील, मेंदी कोणी लावली? मुलाची आई कुठली? काय सांगू, त्लेमसेनची? तिकडे, उत्तरेला, समुद्राजवळ? आमच्यात मूल आईच्या कुळाचं. बाप कोण ते मागाहून विचारतात.

खैरा: ठाऊक आहे मला. तो एवढासा होता तेव्हा मला अन्ना म्हणाला, तर तू त्याचा कान पिळलास.

रायशा: अन्ना म्हणजे आई. आई एकच असते. हिला यम्मा म्हण म्हटलं, तिच्या मुलखात म्हणतात तसं. त्यात वाईट काय केलं?

खैरा: काही नाही. यम्मा चांगला शब्द आहे.

अमास्तान: (नवरदेव, धावत येत) यम्मा! यम्मा, कुठे आहेस? मावशी, तूही आहेस, फार बरं झालं! जमलं! जमलं, यम्मा!

रायशा: जमलेलंच आहे की! तंबू ठोकलाय, बोकड कापलेत, आणि हा म्हणे जमलं.

अमास्तान: लग्न नाही गं मावशी! रोपं! तीन रोपं! आत्ता राजधानीतून फोन आला, प्रयोगशाळेतून. तिन्ही तारूत आहेत. शुद्ध तारूत! मी रोपवाटिकेतून पळत आलो. सायकल तिथेच राहिली.

खैरा: आधी श्वास घे. बस. पाणी पी.

अमास्तान: बसवत नाहीये मला!

रायशा: तारूत म्हणजे पठारावरचं ना? ज्याच्या लाकडाची आमच्या आजोबांनी दारं केली? त्याला कुठली रोपं? ते झाड म्हातारं झालंय. त्याला पोरंबाळं होत नाहीत.

अमास्तान: तेच तर! दोनशेच्या वर थोडीशी उरलीत सगळ्या जगात, आणि सगळी आपल्या डोक्यावर त्या पठारावर. बोंडं धरतात, पण फोडून बघ, बहुतेक बिया पोकळ.

खैरा: हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.

अमास्तान: कुठला?

खैरा: पोकळ. माझ्या लग्नात ऐकला होता. तुझ्या बापाने, मूसाने, उत्तरेचं पोकळ बी आणलं म्हणून.

रायशा: झालं! जुनं उकरायलाच हवं का आज? मी तरुण होते, बहीण नुकती गेली होती, जिभेला हाड नव्हतं. तू बोल रे. झाडाचं बोल.

अमास्तान: ऐका. खजुराला फळ यावं म्हणून दरवर्षी नराचा तुरा घेऊन मादीवर कोण चढतं? तुझा नवराच ना मावशी?

रायशा: चढतो, आणि उतरताना मला शिव्या देतो. खजुराचं सरळ आहे. नर वेगळा, मादी वेगळी, माणसांसारखं.

अमास्तान: सरूचं आणि त्याच्या भाऊबंदाचं, तारूतचं, तसं नाही. एकाच झाडावर दोन्ही. फांदीच्या टोकाला बारीक पिवळे दाणे असतात, तो बाप. मागे गोल बोंडं, ती आई. थंडीच्या शेवटी दाण्यांतून पिवळी धूळ उडते, वारा ती बोंडात नेतो, संपलं.

रायशा: आणि फूल?

अमास्तान: फूल नाही. फळही नाही. बी उघडंच बसतं, बोंडाच्या खवल्यांत. खजुरासारखा गर नाही की काही नाही. जुनी घराणी ही! फुलं जगात आली त्याच्या कितीतरी आधीची.

रायशा: आणि खडकातल्या कुंडावर ते नेचं लोंबतं, काळ्या देठाचं? त्याला तर मी ना फूल पाहिलं, ना बी.

अमास्तान: ते त्याहून जुनं! पानाच्या पाठीवर तपकिरी कडा असते ना, ती धूळच. खाली पडते, तिचं नखाएवढं हिरवं पान होतं, आणि त्या पानावर पाण्याच्या थेंबात बाप पोहत आईकडे जातो.

रायशा: पोहत?

अमास्तान: पोहत! शेवाळाचंही तसंच. म्हणून ती दोघं पाणी सोडत नाहीत. पाणी आटलं की लग्न मोडलं.

रायशा: अगं बाई! आणि आम्ही त्या कुंडातलं पाणी पितो.

खैरा: रायशा, हसवू नकोस. त्याला पुढे बोलू दे.

अमास्तान: आता खरी गोष्ट. खजूर, नेचं, शेवाळ, हा सरू, सगळ्यांचं एक ठरलेलं: पोर अर्धं आईचं, अर्धं बापाचं. तारूतमध्ये आईचं काहीच नाही! अख्खं पोर बापाच्या धुळीतून येतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या झाडात असं अजून कोणाला सापडलेलं नाही, मावशी!

रायशा: काय? शी! शी शी! आमच्या पठारावर उभं राहून, आमच्या पूर्वजांचा पाऊस पिऊन हे असले धंदे? आईला विचारतही नाही? जिथे आम्ही बापाचं नाव शेवटी घेतो तिथे? निर्लज्ज मेलं!

अमास्तान: मावशी, झाडावर रागावतेस?

रायशा: रागावणार! तोडा म्हणावं सगळी!

खैरा: मग आई कशाला हवी?

अमास्तान: काय म्हणालीस, यम्मा?

खैरा: म्हटलं, सगळं जर दुसऱ्याचंच, तर ती बाई तिथे करते काय? उगाच उभी असते का?

अमास्तान: उगाच? यम्मा, तिच्याशिवाय काहीच नाही! धूळ जमिनीवर पडली की मेली. तिला कुशीत घ्यायला कोणीतरी लागतं. बियाच्या आत जे सगळं खाणं असतं, कोंब बाहेर येऊन हिरवा होईपर्यंत पुरणारं, ते आईच्या अंगचं. तिने भरलं नाही तर नुसतं टरफल. पोकळ.

रायशा: बरं. मग तुझी ही तीन कुठून आली? तारूतची कूस थकली म्हणालास.

अमास्तान: थकली! म्हणून दुसरी कूस दिली. दुसऱ्या जातीची.

रायशा: कोणाची?

अमास्तान: वर बघा.

खैरा: वर काय आहे? माझा सरू आहे.

अमास्तान: तुझा सरूच!

रायशा: हा? ज्याला तू तीन-चार वर्षांमागे थंडीत फांद्याफांद्यांना पिशव्या बांधल्यास तो? गाव खिदळत होतं, खैराच्या झाडाला चड्ड्या शिवल्या म्हणून.

अमास्तान: त्याची स्वतःची धूळ लागू नये म्हणून त्या चड्ड्या! पठारावरून तारूतची धूळ आणली, गाढवावर, छातीशी धरून. एकेक पिशवी सोडली, कुंचल्याने धूळ लावली, पुन्हा बांधली. मग वाट बघत बसलो. बोंडं पिकायला दोन वर्षं घेतात, जीव जातो.

खैरा: आणि मला म्हणालास, चिमण्या खातात म्हणून बांधतोय.

अमास्तान: फसलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. हे तुझं झाड आहे.

खैरा: डब्यात लावून आणलं होतं मी, मांडीवर घेऊन. सगळा वाळवंटाचा रस्ता. बसवाला म्हणाला, बाई, त्याचं तिकीट काढा.

रायशा: आणि मी म्हणाले, कबरस्तानातलं झाड दारात लावतेय.

खैरा: म्हणालीस.

रायशा: थांबा जरा. घाई करू नका, मला नीट कळू दे. ती तीन रोपं कोणाची?

अमास्तान: तारूतची.

रायशा: ह्या उत्तरेच्या झाडाचं त्यांत काही?

अमास्तान: कणभर नाही. प्रयोगशाळेने तेच तर तपासलं.

रायशा: पानं? वास?

अमास्तान: सगळं पठारावरचं. आपलं.

रायशा: आणि कूस कोणाची?

अमास्तान: हिची, ह्या सरूची.

रायशा: दूध?

अमास्तान: दूध म्हण हवं तर. हिचंच.

रायशा: आपल्याच झाडांना जमेना, आणि ह्या परकीने नऊ महिने...

अमास्तान: दोन वर्षं, मावशी.

रायशा: तेच ते! आणि हिच्या सगळ्या बिया भरल्या?

अमास्तान: नाही गं. खोटं कशाला सांगू? हिच्याही पुष्कळ पोकळच निघाल्या. शेकडो पेरल्या असतील. तीन भरलेल्या निघाल्या.

रायशा: तीन काय थोड्या झाल्या? एक भरली तरी पुष्कळ.

खैरा: रायशा, तो झाडाबद्दल बोलतोय.

रायशा: मग मी कशाबद्दल बोलतेय? झाडाबद्दलच. तू रडतेस कशाला?

खैरा: मिरचीचा हात लागला डोळ्याला.

रायशा: आज तू मिरचीला हात लावलेला नाहीस. सकाळपासून बघतेय मी.

अमास्तान: काय झालं? माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं का? मावशी, मी झाड नाहीये. ते तारूतचं झालं. माझ्यात अर्धी ताकामा आहेच. तूच म्हणतेस ना, नाक तिचं.

रायशा: नाक तिचंच आहे. ते कोण नेतंय? तू गप्प बस आता, तुझं बोलून झालं. ती रोपं कुठे आहेत?

अमास्तान: रोपवाटिकेत, सावलीत. बोटाएवढी आहेत. उद्या तुम्हा दोघींना दाखवतो. नाही, आजच चला! आत्ता! सगळ्यांनी चला!

रायशा: मेल्या, आज तुझं लग्न आहे!

अमास्तान: हो. हो की. विसरलोच.

रायशा: विसरला म्हणे! ती मुलगी तिकडे नटून बसलीय, आणि ह्याच्या डोक्यात बोंडं. बस इथे. हात धू, माती आहे नखांत. दोन्ही धू.

खैरा: मी बाजूला होते. तू ये इकडे, उजेड आहे.

रायशा: कुठे निघालीस? माझी मेंदी वाळली ह्याच्या गप्पांत. ही बघ, भेगा पडल्या. ती कोनाड्यातली काढ.

खैरा: रायशा...

रायशा: पातळच असेल. तुम्हा उत्तरेकडच्यांना कुठे मेंदी भिजवता येते? पण आज चालवून घेऊ. आण इकडे, वाडगं मी धरते.

खैरा: आणि मुलीकडच्या म्हाताऱ्या? त्यांनी विचारलं तर?

रायशा: विचारू देत. सांगेन, ताकामाच्या बहिणीने वाडगं धरलं होतं. पुढचं काही विचारायची त्यांची छाती नाही व्हायची.

खैरा: माझी रेष वाकडी जाईल.

रायशा: जाऊ दे वाकडी. ए, वर काय बघतोस सारखा? झाड कुठे पळून जात नाही. अन्नाला हात दे.