एकाच डब्यात तीन राखणदार

आन् मी मनते, मुक्या डब्याला मारून काय मिळतंय वो?... सांगते बायांनो, आमच्या त्या कंप्युटरनं जेवढा मार खाल्ला ना, तेवढा ह्यांच्या शाळंतल्या पोरांनी सुदिक खाल्ला नसंल! हे मास्तर. आधी डोळे वटारायचे, मग कान पिळल्यागत वायर पिळायची, मग फाडकन् थोबाडीत! "चालू होतोस का न्हाईस? आँ?" आन् त्यो आपला पडद्यावर चकरी गोल गोल फिरवीत बसलाय.

नवा होता तवा लई चलाख होता, खोटं कशाला बोलू? पोरगी माझी, पुनम, बारावीला गेली, घरी पेपर सोडवावेत मनून आणला. पुढं झाला की हो सुस्त! बटन दाबून मी भात टाकायचे, भात शिजायचा तरी ह्याचा पडदा उघडंना! कुणीतरी मनलं, व्हायरस शिरलाय, त्याला पकडणारा प्रोग्राम घाला. घातला. तरी सुस्तच. मग ह्यांचं ठरलेलं... "एकानं भागंना? अजून एक लावा!" लावला. तरी न्हाई? "अजून एक लावा!"

लातूर हाय बायांनो, क्लासांचं गाव, इथं दुसरं काय सुचतंय का कुणाला? पुनमला फिजिक्सचा एक क्लास होता. मार्क घसरले, "एकानं भागंना, अजून एक लावा!" अजून घसरले, अजून एक! पहाटं एक सर, दुपारी दुसरे, सांजच्याला तिसरे. एकानं शिकवलं की दुसरा मनतो, ते विसर आधी! पोर माझी सारखी बडबड करणारी... आता "भाकर खातीस का गं?" विचारलं की नुसती तोंडाकडं बघती, मग लई वेळानं मनती, "काय?"

आन् हे डब्यासमोर! "ढ हाईस, ढ! इतका खर्च केला तुझ्यावर, लाज कशी वाटंना?" फाडकन्! मार डब्याला बसायचा, दचकायची पुनम. मला सगळं कळायचं, पण बोलले की, "तुला काय कळतंय त्यातलं?"

त्या दिवशी तर कहर! पुनम पेपर सोडवायला बसलेली, आन् डबा अडकला. ह्यांनी बुक्क्या घातल्या, फुटपट्टी मोडली, "आज जीवच घेतो तुझा!" मनले आन् टेबलाला अशी लाथ हाणली... टेबल भिंतीवर, भिंतीवरची मांडणी लटलट! आता मी किल्लारीकडची. भूकंपापासून मांडणीवर पेल्यावर पेला रचून ठेवायची सवय माझी अजून गेली न्हाई. जमीन हालली की पेले पडतात, कळतंय. पडले की सगळे, खणाखणा! मी वराडले, "भूकंप!" शेजारी वराडले, "भूकंप!" वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी क्लासची पोरं धडाधड जिन्यावरून, एक तर तोंडाला साबण लावलेला! आन् सगळ्यात म्होरं कोण? आमचे हे! लंगडत लंगडत, "पळा, पळा!" अवो, भूकंप तुम्हीच केला की!

बघते तर पुनम न्हाई. मला वाटलेलं पोर म्होरं गेली.

माघारी आत पळाले. पोर तशीच खुर्चीवर, डोळे टक्क उघडे, भोवती पेले लोळायलेत. "पुनम! ऐकलं न्हाईस का गं?" लई वेळ बघितली. मनली, "ऐकलं गं आई... उठावं का बसावं, ठरंना." बायांनो, माझी चुलत बहीण त्या भूकंपात अशीच आत राहिली होती. पोरीला उराशी धरून मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आला, भागवत. रेणापूरला कंप्युटरचं दुकान हाय त्याचं. डबा बघून मनला, "दाजी, ह्याला काय बी धाड भरली न्हाई. तुम्ही तीन राखणदार ठेवलेत, चोर सोडून तिघं एकमेकाचीच झडती घ्यायलेत. दोन काढतो." काढले. आन् डबा पळाया लागला की हो! मग मी पदर खोचला. "ऐकलंत? आता पुनमचे बी दोन काढा! न्हाई तर ह्या घरात मुसळ हाय आन् तुमचं टाळकं हाय!"

हे डब्याकडं बघितले, पुनमकडं बघितले... आन् मनले, "बरोबर हाय तुझं." काढले की खरंच! मी देवाला नारळ फोडला. चार दिवस पोर दुपारची गाढ झोपली, माय माय माय, एकदा तर झोपेत हसली सुदिक.

पाचव्या दिवशी हे घरात आले ते खुशीतच. "अगं, दोन टाइम रिकामेच चाललेत तिचे," मनले, "कंप्युटरचा क्लास लावून आलोय. भागवतसारखं घरातल्या घरात दुरुस्त करंल!"

मी तिला झोपेतून उठवली, आन् भाकर बांधून दिली.