फाटकाबाहेर कुणी जायचं नाही

नाही, मी काय म्हणतो, आपल्याच घरात माणसाला हॉलमधून उठून संडासला जायची मोकळीक असावी की नसावी? तुम्हीच सांगा. मी उठायचं, दोन पावलं टाकायची, की ही मागून येणार, पोटरीला नाक लावणार आणि ढोसत ढोसत परत सोफ्यावर आणून बसवणार... कुणाला? मला! धारवाडच्या हायस्कुलात अख्खी नोकरी ड्रिल मास्तर म्हणून काढलेल्या माणसाला! मी शिट्टी फुंकली की सगळं ग्राउंड रांगेत उभं राहायचं हो. आणि आता रिटायर होऊन उणकलला घर बांधून बसलो, तर एक कुत्री मला रांगेत लावायला लागलीय.

हे सगळं सुरजमुळं. सुरज म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. त्याची बेंगळूरला बदली झाली, तिथल्या फ्लॅटात कुत्रं चालत नाही, म्हणून एका सकाळी ही काळी-पांढरी बिजली घेऊन आमच्या दारात उभा. "मामा, पंधरा दिवस ठेवून बघा. तुमच्या घराला जमली तर तुमची. नाही जमली तर अळणावरला माझा दोस्त संतोष आहे, त्याच्याकडं शेत आहे, मेंढ्या आहेत, तो येऊन घेऊन जाईल. पण जात बघा की. बॉर्डर कॉली! कामाचं कुत्रं आहे, मामा." आता बॉर्डर म्हटलं की आमच्या भागात माणसं आधी आवाज खाली करतात. मी हळूच विचारलं, काम म्हणजे काय रे काम? तर नुसता हसला आणि गेला.

काम काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. बायको दीपश्री स्वयंपाकघरात, मुलगी वेदश्री माडीवर, मी पेपर घेऊन व्हरांड्यात. किती छान, नाही का? पण बिजलीला ते सहनच होईना. खाली-वर, खाली-वर... आणि मग एकेकाला हाकून हॉलमध्ये. दीपश्री हातात उलथनं घेऊन, पोरगी तोंडात ब्रश घेऊन, मी चष्म्यासकट. तिघं एका सोफ्यावर बसलो तेव्हा कुठं बाईसाहेब समोर पाय पसरून बसल्या. भुंकणं नाही, चावणं नाही, नुसतं टक लावून बघणं. त्या बघण्याला मी घाबरतो, खोटं कशाला सांगू.

प्राण्यांच्या डॉक्टरकडं नेली. ते म्हणाले, "मास्तर, ही मेंढ्या राखायची जात. रोज तास-दोन तास पळवायला पाहिजे, डोक्याला काम द्यायला पाहिजे. नाही दिलं तर ती स्वतः शोधते. तुमच्या घरात पळणारं कोण आहे?" आमच्या घरात? पळणारं? माझा गुडघा बसताना वाजतो, उठताना वाजतो. तरी उणकलच्या तळ्याभोवती नेली हो एकदा! तिथं फिरायला आलेली सगळी म्हातारी मंडळी तिनं एका बाकावर गोळा केली. दुर्गव्वा म्हणून एक आजी, तळ्याकाठी फुलं विकतात, त्या मला म्हणाल्या, "यप्पा, साकप्पा साकु, पुरे झालं, घेऊन जा तिला!" कामाचं कुत्रं आहे, मामा!

एका गोष्टीला मात्र मानते, माझ्या जुन्या शिट्टीला. एक लांब फुंकली की पोट टेकून जागच्या जागी बसते. मग कुणीही कुठंही जा. पण दिवसभर घरात शिट्टी फुंकत बसू? शेवटी मी ठरवलं. हे आपल्या घराला जमायचं नाही. संतोषला फोन केला, रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. वेदश्री दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि नेमकं त्याच रविवारी दुपारी तिला बघायला पाहुणे! मुलगा श्रीनिधी, माझाच जुना विद्यार्थी, बरोबर त्याचे आईवडील. वडील बाळाचार्य, कडक सोवळ्यातले. वेदश्रीनं आजवर किती स्थळांना नाकं मुरडली, पण ह्याचा फोटो बघून गप्प बसली. आमची पोरगी गप्प बसली म्हणजे पसंत, हे मला कळतं. बिजलीला मागच्या खोलीत कोंडली, उप्पिट झालं, शिरा झाला, दोघं माडीवर बोलून आली, आणि बाळाचार्य उपरणं सावरत म्हणाले, "बरं मास्तर. कळवतो."

झालं. आमच्याकडं तोंडावर 'नको' कुणी म्हणत नाही हो. 'कळवतो' म्हणतात आणि मग जन्मात कळवत नाहीत. वेदश्रीचा चेहरा असा उतरला... बापानं बघू नये असा.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. हॉलमधला निरोप नुसता नावाला. खरा निरोप फाटकाशी, अर्धा तास, "येतो हं", "बर्तीवि हं", "या हं" करत. तसे सगळे फाटकाशी उभे, आणि मागच्या खोलीची कडी कुणी नीट लावली नव्हती. मला संशय आहे कुणी, पण जाऊ दे. बिजली आली. बघते तर काय, कळप फुटून रस्त्याकडं निघालाय! पोट जमिनीला लावून अशी एक गोल फेरी मारली की बाळाचार्य "ए, शिवू नको, शिवू नको" म्हणत आधी आत, मागनं त्यांची बायको पैठणी वर धरून, मागनं मुलगा, दीपश्री, वेदश्री आणि शेवटी मी. सोफ्यावर! ज्याच्या त्याच्या जागेवर! परत उठले, परत फाटक, परत सोफा. दीपश्री दातओठ खात म्हणते, "अहो, शिट्टी फुंका की!" अगं, व्याह्यांसमोर शिट्टी कशी फुंकू? पण फुंकली. लांब.

बिजली बसली. आणि श्रीनिधी ताडकन उभा राहिला... सावधान! टाचा जुळवून, छाती पुढं, नजर समोर. "येस सर!"

मग वेदश्री जी हसत सुटली, ती थांबेचना. तिला बघून श्रीनिधी हसला, त्याची आई डोळे पुसत मला म्हणते, "खरं सांगू का मास्तर, ड्रिल मास्तरांचं घर म्हणून आम्ही बिचकलो होतो. म्हटलं मुलगीही हुकूम सोडत येईल. पण इथं तुमचंच काही चालत नाही! आता काळजी नाही." बाळाचार्य म्हणाले, "मग कळवायचं काय राहिलं?" बघा म्हणजे. माझी सगळी इभ्रत गेली आणि लग्न ठरलं.

संध्याकाळी संतोष आला, बिजलीनं त्यालाही सोफ्यावर बसवलं, तो चहा पिऊन रिकाम्या हातानं अळणावरला गेला. घराला जमली की नाही, ते मला कुणी विचारलंच नाही. सुरजला फोनवर झाडलं, तर म्हणतो, "सांगितलं होतं की, कामाचं कुत्रं आहे, मामा."

लग्न मार्गशीर्षात. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. पाठवणीच्या दिवशी पोरगी फाटकाकडं निघणार, आणि ही काय गप्प बसणार? फेरी मारून तिला परत आत आणणार. दीपश्री म्हणते, "त्यात काय, शिट्टी गळ्यात घाला, एक लांब फुंका, कुत्री बसेल, पोरगी जाईल." बरोबर आहे. फुंकीन की. फुंकायलाच पाहिजे. फक्त मी काय म्हणतो... दोन-तीन वेळा आणू दे की तिला परत आत. सगळ्यांचा चहा होईल. मग फुंकतो.