अंबाडीच्या पाहुण्याचा लाडू

नाही, तो डावीकडचा लाडू नका घेऊ — म्हणजे घ्या, तो तुम्हीच घ्यायचाय, पण लगेच नको. उजवीकडचे पाच दुकानातले आहेत, ते हवे तेवढे खा. बसा ना. आपल्याला गॅलरीत बोलायला वीस मिनिटं दिलीयत, पण आत तुमचे वडील आणि माझे बाबा गोडाऊनच्या पत्र्यांवर बोलतायत, म्हणजे चाळीस धरायला हरकत नाही. तुम्ही काय विचारलंत — कॉलेज सुटल्यावर मैत्रिणी कोण? साधा प्रश्न आहे, आईनं त्याचं उत्तरही पाठ करून घेतलंय: ‘दोघी-तिघी आहेत, घरगुती आहेत.’ यात खोटं काही नाही. तिघी आहेत, आणि घरगुतीही आहेत. फक्त तिघींच्या वयाची बेरीज दोनशे नऊ भरते.

हसा, हसायला हरकत नाही — मीही पहिल्यांदा हसले होते. तुमचा स्थळाचा कागद मी वाचलेला नाही, आधीच सांगते. कुणाल, अंबाडीचे, एवढं बाबांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. तेव्हा माझ्याबद्दल तुम्हाला आणि तुमच्याबद्दल मला सारखंच माहीत, म्हणजे काहीच नाही. तर क्रमानं सांगते. कॉलेजचा आमचा सात जणींचा ग्रुप होता, ‘कट्टा कायम’ असं मोबाइलवर त्याचं नाव. नाव अजून तेच आहे. कट्टा नाही, कायमही नाही. एक ऐरोलीला, दोघी पुण्याला, हेमालीचं लग्न होऊन ती वाड्याला; आता त्या ग्रुपवर वर्षातून सात केक येतात, आणि केकखाली सहा जणी तोच एक फुगा पाठवतात. मी तर एकदा कुणीतरी चुकून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या केकखालीही फुगा पाठवून मोकळी झालेय, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. दिवसा मी गोडाऊनला असते — परत आलेल्या पार्सलांची तपासणी. लोक एकच बूट परत करतात. कारणाच्या रकान्यात लिहितात, ‘मन बदललं.’ दिवसाला सत्तर मनं बदललेली बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन फुगा पाठवायचा — वर्षभर हे केलं मी, आणि आई सगळ्यांना सांगायची, ‘उन्नती आता अगदी शांत झालीय.’

मग एका मोकळ्या रविवारी — सगळे रविवार मोकळेच होते म्हणा — मी ठमाबाईंकडे गेले. ठमाबाई म्हणजे आमच्या गावातल्या धवलारीण. एम.ए.ला लोकसाहित्य होतं, तेव्हा मी त्यांचे तीस धवले मोबाइलमध्ये घेतले होते. लग्नात गायची ती गाणी हो. तुमच्याकडेही पूर्वी असणारच. मघाशी तुमच्या आई म्हणाल्या ना, ‘आमच्यात ते जुनं सगळं बंद केलं, आता डीजे असतो’ — तेव्हा बाबांनी जोरात मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं, ते तुम्ही पाहिलंत? पाहिलंतच. कारण बाबांनी सकाळीच बजावलं होतं: पाहुण्यांसमोर धवल्याचं नाव काढायचं नाही. आणि मी काढलं. असो, काढलंच आहे तर पूर्ण सांगते.

तर एका ओळीबद्दल शंका आहे, असं निमित्त करून गेले. शंका खरी होती, पहिल्या चार रविवारी. पाचव्या रविवारी ती फिटली, ते मी कुणाला सांगितलं नाही. ओट्यावर त्या माझ्या तिघी, ठमाबाई, जानकीबाई आणि आक्का, पुढ्यात वालाच्या शेंगा, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोवाल्याची कुंडली — हा कुणाचा जावई, त्याचा मेव्हणा कुठे पळाला, हा पानाचे डाग सासूच्या नावावर कसा खपवतो. माझ्या प्रबंधाला दोन वर्षं लागली, या बायका दोन शेंगांत एक घराणं संपवतात. मी मोबाइल पुढे धरून बसायचे. एकदा ठमाबाई म्हणाल्या, “पोरी, तुजा मोबाइल सगला ऐकतं, पन येक पद गात न्हाय.” जानकीबाई म्हणाल्या, “तो शिकलेला हाय गो, त्याला लाज वाटतं.” त्या दिवशी मोबाइल पिशवीत गेला आणि मी गायला बसले.

आनंद कशाला म्हणायचं, याची व्याख्या मला विचाराल तर मी देऊ शकत नाही, पण पुरावा देऊ शकते. ठमाबाईंच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूम आहेत. आम्ही त्यांच्याच खटखटीवर ठेका धरतो. ढोलकी लागत नाही. लाइट गेली की लूम थांबतात आणि धवला नवऱ्याच्या पायापाशी अडकतो — अर्ध्या पायाला हळद, अर्धा कोरडा. मग आक्का भिंतीवर थाप मारून लूमवाल्या भाईला ओरडतात, “अरे, नवरा खडा है, जल्दी चालू करो.” तो भाई बिचारा पलीकडून म्हणतो, “लाइट नहीं है आक्का, नवरे को बैठने बोलो.” आम्ही चौघी तेव्हा जशा हसलो, तसं मी कॉलेजच्या तीन वर्षांत हसले नव्हते. आणि कॉलेजात मी पुष्कळ हसायचे, बरं का. आता वाटतं, ते बरंचसं सात जणी हसतायत म्हणून असायचं.

थांबा, तो लाडू खाली ठेवा. त्याच्यापाशीच येतेय. आता जे सांगते ते तटस्थपणे ऐका, मीही तटस्थपणे सांगते. अकरा दिवसांपूर्वी गावात मितेशची हळद होती. ठमाबाईंचा घसा बसला होता. त्या म्हणाल्या, “आज पयलं पद उन्नतीचा.” पहिलं पद एकटीनं म्हणायचं असतं. आता या गाण्याची रचना अशी की त्यात गावाची आणि नवऱ्याची जागा रिकामी असते, प्रत्येक मांडवात नवं नाव घालायचं. फार सोपं काम. शेसव्वाशे माणूस, मितेश पाटावर हळदीनं माखून बसलेला, आणि मी सुरू केलं —

‘उंबराचे छाये बैसला कोन गो,
अंबाडीचा कुणाल, सोन्याचा बान गो.’

हो. तेच नाव. तेच गाव. असं बघू नका, तटस्थपणे ऐकायचं ठरलंय. मितेशनं मागे वळून बघितलं, कोण बसलंय म्हणून. त्याच्या आजीच्या हातातली हळदीची वाटी तिथेच थांबली. कुणीतरी म्हणालं, “ह्यो कुणाल कोन?” आणि मांडवात अशी सामसूम झाली की पलीकडच्या गल्लीतल्या लूमसुद्धा ऐकू आल्या. ठमाबाई खऱ्या पंडित. घसा बसलेला, तरी त्याच क्षणी पुढची ओळ त्यांनी उचलली —

‘अंबाडीचा कुणाल पावना आयला गो,
मितेशचे मांडवी पाट त्याला द्या गो.’

झालं. नवऱ्याचा पाहुणा झाला, चूक झाकली गेली, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बाहेर आल्यावर ठमाबाईंनी मला बाजूला घेतलं: “नाव घेतलास, पावना झाला. आता त्या मांडवाचा घास त्याच्या पोटात जाईपर्यंत तू दुसऱ्या मांडवात गायाचा न्हाय.” हा नियम मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. माझा प्रामाणिक तर्क असा आहे की तो त्यांनी त्याच संध्याकाळी केला. पण लोकपरंपरेतला प्रत्येक नियम कुणीतरी कुठल्यातरी संध्याकाळीच केलेला असतो, तेव्हा मला तो मोडता येईना. अकरा दिवसांत दोन हळदी झाल्या, दोन्हीकडे मी मागे बसून नुसती विडे लावत होते. येत्या शनिवारी भाविकची हळद आहे. आणि हा डावीकडचा लाडू मितेशच्या मांडवातला, तांदळाचा. त्याच्या आजीनं डब्यात जपून ठेवला होता.

आता खरं सांगते, कारण फसवून खाऊ घालणं मला जमणार नाही. आजच्या कार्यक्रमाला मी हो म्हटलं ते याच लाडवासाठी. तुम्ही यायचं, लाडू खायचा, मी मोकळी व्हायचं, आणि संध्याकाळी बाबांना सांगायचं — पसंत नाही. पंधरावं स्थळ. चौदांना नाही म्हटलंय, सरावानं जमतं. प्रत्येक कागदावर आवड म्हणून ‘वाचन, प्रवास, क्रिकेट’. चौदा मुलगे आणि एकच आवड, जणू एकाच साच्यातून काढलेत. जुने रेडिओ उघडून दुरुस्त करायची आवड लिहिणारा एक —

नाही, मी म्हटलं ना, कागद वाचला नव्हता. वाचला नव्हता म्हणजे — मितेशच्या हळदीच्या दिवशी सकाळी आईनं तो देवापुढे ठेवला होता, मी निरांजन उचलायला गेले, तो खाली पडला, उचलताना डोळ्यांखालून गेला. चार वेळा पडला. पितळी जाळीचा एक रेडिओ तुम्ही सहा महिने लावत होतात आणि शेवटी त्यावर पहिल्यांदा बाजारभाव लागले, असं कोण लिहितं हो लग्नाच्या कागदावर? आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. म्हणून ते नाव डोक्यात राहिलं असणार, त्याला स्मृतीतला संकर म्हणतात, दोन पाठ एकमेकांत मिसळतात, शास्त्रात याची पुष्कळ उदाहरणं आहेत — ठमाबाईंनाही मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “व्हय गो बाय, आमच्यात त्याला दुसराच कायतरी म्हनतात.”

तर असं आहे. पुढचं ऐकून घ्या, मग ठरवा. मी गाणं सोडणार नाही. तुमच्या आईंना ते जुनं वाटतं, वाटू दे, त्यांचा अपमान मी करणार नाही. पण शनिवारी हळद असली की मी जाणार, आणि रविवारी त्या ओट्यावर शेंगा सोलायला जाणार, अंबाडीहून एसटीनं का होईना. मला वर्षभरानं माणसं मिळालीयत, कारणाच्या रकान्यात ‘मन बदललं’ लिहून ती परत करता येणार नाहीत. हे नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा, मला राग येणार नाही. फक्त लाडू खाऊन जा. तेवढं माझ्यावर—

काय? खाल्ल्यावर पुन्हा यायचं काही कारण उरणार नाही म्हणता? नाही, तसं नियमात काही — नाही, तुमचं बरोबर आहे, पाहुणा जेवला की निघतो, तोच अर्थ होतो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि न खाल्लात तर मी शनिवारी गप्प बसणार. म्हणजे दोन्हीकडून— अहो, तो मोडताय कशाला? अर्धा खाल्लात? बरं. आणि हा अर्धा? रुमालात? याला काय आधार आहे? अर्ध्या घासाचा नियमच नाही आपल्याकडे. मी शनिवारी पूर्ण गायचं की अर्धं? थांबा, ठमाबाई आत स्वयंपाकघरातच आहेत, तांदूळ निवडायच्या निमित्तानं सकाळपासून आल्यात, त्यांना विचारून—

नको. विचारायला नकोच. त्या लगेच नियम करतील.

चला आत, चहा निवला असेल. आणि तो रुमाल खिशात नीट घाला हो, कोपरा बाहेर दिसतोय.