सूनबाईचे थेंब

‘थांबा,’ बाई म्हणाल्या आणि रुग्णाच्या तोंडाजवळ नेलेला मास्क त्यांनी बाजूला ठेवला.

अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर बाई, परिचारिका भगिनी, वॉर्डातले सहकारी आणि मित्रहो. संबोधन आधी करायला हवं होतं. पण बाईंचा विषय निघाला की मला पहिल्यांदा ते ‘थांबा’ ऐकू येतं. सर्जन म्हणून मी ते पुष्कळदा ऐकलं आहे, आणि दरवेळी आनंदानं नव्हे.

भूल देणाऱ्याचा सत्कार रुग्ण कधी करतो का? टाके घालणारा लक्षात राहतो. श्वास राखणाऱ्याचा चेहरा पाहायला रुग्ण शुद्धीवर असतो कुठे? म्हणून हा प्रसंग सांगतो. ज्या रुग्णाचा हा प्रसंग, ते गृहस्थ आता हयात नाहीत.

घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आतड्यात गाठ, पोट फुगलेलं. फार थांबण्यासारखं नव्हतं. नाडी धावत होती. टेबलावर सगळ्यांचीच धावते. व्यसन काही नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते खोटं बोलत नव्हते. मास्क पाहून म्हणाले, ‘एवढं यंत्र कशाला? आमच्या सूनबाईचे थेंब जिभेखाली टाका, लगेच घोरतो. आज तर तिनं सकाळीच जास्त दिलेत, घाबरू नका म्हणून.’

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

बाहेर बाकावर त्यांचा मुलगा, सून आणि मुलगी बसली होती. म्हाताऱ्यांचा चष्मा परत न्यायच्या निमित्तानं बाईंनी सुनेला आत बोलावलं.

‘थेंब कसले?’

‘सर्दीचे.’

‘सर्दीच्या थेंबांनी नाडी अशी पळत नाही.’

ती रडली नाही. ‘गांजाचं तेल आहे. बाबांनासुद्धा माहीत नाही. ह्यांना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत.’

‘तुमचं घर मला चालवायचं नाही. मला त्यांचा श्वास चालवायचाय. किती दिलं, कधी, केव्हापासून?’

तिनं सगळं सांगितलं. जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी: असं तेल रोज घेणाऱ्याला नेहमीची भूल पुरेलच असं नाही, नुकतंच घेतलं असेल तर हृदय बिथरतं, आणि नंतर वेदनेचं औषधही तोकडं पडतं. नाडी उतरेपर्यंत बाईंनी मला बसवून ठेवलं. मी चिडलो. वेदनेचं औषध देता यावं म्हणून त्यांनी पाठीत बारीक नळी घातली. मग म्हणाल्या, ‘करा.’

पोट उघडलं. गाठ सगळीकडे पसरली होती. तुंबलेली वाट मोकळी करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

ते जागे झाले. संध्याकाळी वॉर्डात, घरच्या सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सूनबाई, झोप येत नाहीये. थेंब दे गं.’

‘कसले थेंब?’ मुलानं विचारलं.

बाई तिथेच होत्या. सांगायचं की नाही, हे त्यांनी तिच्यावर सोडलं.

‘गांजाचं तेल,’ सून म्हणाली. ‘बाबा, इथलं औषध चालू आहे. दोन्ही एकत्र नको.’

नणंद उसळली. ‘माझ्या बापाला नशा लावलीस?’

‘ते कण्हायचे तेव्हा उठत कोण होतं, वन्सं?’

म्हातारे मुलाला म्हणाले, ‘झोप लागत होती रे. तेवढं बघ.’

बाई म्हणाल्या, ‘हिनं खरं सांगितलं, म्हणून हे टेबलावरून परत आले.’

बाई, आपण आज निवृत्त होत आहात. उद्या ‘थांबा’ कोण म्हणणार, हे मला ठाऊक नाही. आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. काही वावगं बोललो असेन तर पदरात घ्या. ‘चूकभूल’ म्हणत नाही. भूल हा आज बाईंचा शब्द आहे.

राहिलेलं सांगतो आणि बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा एकटाच आला. बायकोला माहेरी पोचवून आलो, असं त्यानं वडिलांना सांगितलं.