लाल ओळ आणि शामकलाबाईंची बांधी

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या पाणी वापर संस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय केवलरामजी, सरपंच शकुंतलाबाई, निरोप घेणाऱ्या आपल्या रीताताई, आणि कामं टाकून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

रीताताई उद्या नागपूरला नव्या नोकरीवर निघतील. बोदलकसा तलावाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा ब्लॉकचेनचा प्रोग्राम त्यांनी आपल्यासाठी केला. तो एकदा त्या ब्लॉकचेनच्या साखळीवर चढला की त्यातला नियम त्यांनाही बदलता येणार नाही. मग चूक राहिली तर? मी सारखं विचारायची. त्या हसून आपल्या लॅपटॉपवरच खोटी साखळी मांडायच्या. खोटे शेतकरी, खोटं पाणी. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली चाचणी चालवली की अख्खा उन्हाळी हंगाम चहा गाळेपर्यंत संपायचा! जमलं तर हिरवी ओळ, चुकलं तर लाल. आपलंच काम इतक्या आनंदाने मोडून पाहणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

गेल्या सभेत सगळ्या ओळी हिरव्या होत्या. तेवढ्यात शामकलाबाई उठल्या. त्या केवलरामजींचीच धानाची बांधी ठेक्याने कसतात.

“बाई, धान उभा हाये आन् मालकानं बांधी दुसऱ्याले देली तं? माही पाळी कोठी जाते?”

“मी काऊन देईन?” केवलरामजी म्हणाले.

“तुमी नाई जी. हे खोटे केवलराम देऊन राहिले.”

सगळे हसले, अध्यक्षही हसले, ही त्यांची थोरवी. रीताताईंनी तिथेच चाचणी लिहिली. ओळ लाल! पाळी बांधीबरोबर दुसऱ्याकडे निघून गेली, शामकलाबाईंचा उभा धान कोरडा.

“नियम तुम्ही सांगा, मी लिहिते,” ताई म्हणाल्या. सभेने ते अध्यक्षांवर सोपवलं. अध्यक्ष म्हणाले, “पाहू.”

तेव्हापासून मला एक कोडं पडलंय. पाणी जमिनीचं की उभ्या पिकाचं, हे आपण इतकी वर्षं एकमेकांना का विचारलं नाही?

ती ओळ अजून लालच आहे. लॅपटॉप इथे हारांशेजारी उघडा आहे. केवलरामजी, धाकटी बहीण समजून सांगा, कापणीपर्यंत पाळी कसणाऱ्याचीच, असं लिहू द्यायचं का?

मान हलवलीत, पण मागे दिसली नाही. हा घ्या माईक.

“लिहा. कापणीपर्यंत शामकलाचीच.”

एकट्या शामकलाबाईंची नाही, दादा.

“हो बाई, जो कसन त्याची! झालं?”

झालं. रीताताई, लिहा. शामकलाबाई, तुम्ही पुढे या. ताईंना गुच्छ तुमच्याच हातून द्यायचा.

सर्वांचे मनापासून आभार. भर कार्यक्रमात असं विचारायचं नसतं, हे मला कळतं. तेवढं पदरात घ्या, अध्यक्ष.