फ्रिज आला, तरी

(ठाणे, १९८८. संध्याकाळ. खाडीजवळच्या एका घराचं स्वयंपाकघर. जगन खाली भिंतीला टेकून बसलाय.)

शुभदा : बोलू नकोस. आधी हे साखरपाणी संपव.

जगन : तुमचा ओटा हलतोय गं. भरतीला होडी हलते ना, तसा. मस्त वाटतंय.

शुभदा : मस्त काय मस्त! साखर उतरलीये तुझी. शर्ट बघ, घामाने चिंब झालाय. इन्सुलिन टोचून पाऊण तास झाला! रोज सुई घेतलीस की दहा मिनिटांत घरी जाऊन जेवतोस. आज इथेच काय ठाण मांडून बसलास?

जगन : खाडी बघत बसलेलो. पाणी नि आभाळ एकच झालंय. आमची होडी ढगातनं चाललीये बघ. तू पण हाईस तिच्यात.

शुभदा : मी? मला होडी लागते. उलट्या होतील.

जगन : आज नाय होत. तू पाण्यात हात सोडून बसलीयेस. केस मोकळे. कुणी हाक मारत नाय, कुठंच पोचायचं नाय...

शुभदा : जगन, इकडे बघ. किती बोटं?

जगन : तीन. एकाला शाई लागलीये.

शुभदा : आलास भानावर एकदाचा! जीव नुसता टांगणीला लागला होता माझा. घे, बिस्कीट खा.

जगन : शुभदा, एक सांगू? रागावशील.

शुभदा : खाता खाता सांग.

जगन : आमच्याकडे फ्रिज आलाय. दाजींनी त्यांचा जुना दिला, ताईनंच सांगितलं त्यांना. पंधरा दिवस झाले.

शुभदा : पंधरा दिवस! आणि तरी सकाळ-संध्याकाळ इथे येतोस?

जगन : आयेला थाप मारली, याचं थंड कमी पडतं, इन्सुलिनची बाटली खराब होईल. काल तिनं त्यात बर्फ करून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, उद्या बाटली घेऊनच ये, लोकांना किती दिवस त्रास द्यायचा? म्हणून उठवेना मघाशी. आज शेवटचं, असं वाटत राहिलं.

शुभदा : माहितीये मला.

जगन : काय?

शुभदा : फ्रिजचं. काल तुझी आई पापलेट घेऊन आली, तेव्हा माझ्या आईला सगळं सांगून गेली.

जगन : मग बोलली का नाहीस?

शुभदा : तू कधी बोलतोस ते बघत होते, गाढवा.

जगन : दीड वर्षापूर्वी आयेनं ती बाटली मासळीच्या बर्फात ठेवली, आठवतं? तिला वाटलं, थंड ठेवायची ना, मग बर्फासारखं थंड काय? औषध गोठून फुकट गेलं, नि मी आठ दिवस हॉस्पिटलात. तुझे बाबा म्हणाले, आमच्या फ्रिजमध्ये ठेव. आये अजून स्वतःला बोल लावते. मी मात्र त्या बर्फाचे उपकार मानतो.

शुभदा : काहीतरीच तुझं!

जगन : खरंच. नायतर या घरात आलो असतो का मी? मला तू आवडतेस गं. पण मला जन्मभर सुया. आज चढली, उद्या उतरली. असल्याशी कोण...

शुभदा : दीड वर्ष तुझी सुई कोण उकळून देतंय? मी काय डोळे मिटून देत होते? मलाही आवडतोस तू. झालं?

जगन : ...परत ओटा हलला.

शुभदा : ए, चेष्टा नको हं! अजून एक बिस्कीट खा.

जगन : पण उद्यापासून बाटली घरी. आयेला काय सांगून निघू?

शुभदा : शुभदाकडे जातो, म्हणून सांग.

जगन : एवढंच?

शुभदा : एवढंच.

जगन : नि तुझी आई? ती विचारेलच, आता हा कशाला येतो?

शुभदा : विचारलं तिने. कालच.

जगन : मेलो! काय सांगितलंस?

शुभदा : म्हटलं, माझ्यासाठी येतो. आणि त्याने यावं असं मला वाटतं.

जगन : मग?

शुभदा : सगळ्यांना वाढलं, जेवणं झाली. मग पानं उचलता उचलता विचारलं, त्याला गोड चालत नाही, तर सणावाराला त्याच्या पानात वाढायचं तरी काय?